विंग नसलेलं टॅव्हर्न

हर्नडनहून निघालो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि माझ्या अंगात अजून कॅलिफोर्नियाची वेळ होती. चँडलर, सांता क्लारा आणि आता व्हर्जिनिया. तीन आठवड्यांत तिसरा मुक्काम. प्रत्येक ठिकाणी तसाच विमानतळ, तशीच सरकत्या पट्ट्यावरून फिरत येणारी आमची ट्रंक आणि "झोप झाली का?" असं विचारणारी तशीच प्रेमळ माणसं. झोप कुठेच झाली नव्हती.

गाडी पल्लवी चालवत होती. मूळची नागपूरची, इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, आणि मराठी मंडळाच्या नाटकांची जबाबदारी तिच्याकडे. तिच्या शेजारी अण्णा डोळे मिटून बसले होते. अण्णा आमचे नट, वय बहात्तर. गावातल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचं एकपात्री नाटक ते बावीस वर्षं करतायत. तितकीच वर्षं मी त्यांची व्यवस्थापक आणि प्रॉम्प्टर आहे. प्रॉम्प्टरचं काम पूर्वी नावापुरतं होतं. चँडलरला अण्णा दोनदा अडले, सांता क्लाराला पाच वेळा. दोन्हीकडे मी विंगेतून हळू आवाजात वाक्य पोचवलं, प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. पण सांता क्लाराला मेकअप पुसताना अण्णा म्हणाले, "लोकांसमोर उघडा पडलो, की त्या दिवसापासून बंद. तू आडून सांभाळतेस तोवर चाललंय."

"मावशी, शाळेचा हॉल ऐन वेळी कॅन्सल झाला यार, म्हणून हे टॅव्हर्न," पल्लवी म्हणाली. "पण जागा एकदम मस्त आहे. अडीचशे वर्षं जुनी!"

"विंगा आहेत का?"

"विंगा नाहीत. खिडक्या आहेत."

अण्णांनी डोळे उघडले नाहीत, पण ते जागे होते.

काचेची ऑफिसं संपली, मग डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती संपल्या आणि एकदम दगड रचून केलेले बांध सुरू झाले. मेपलची पानं लाल झाली होती. कुरणांत घोडे, त्यांच्या पाठीवर घोंगड्या. दीड तासाने गाव आलं : एकच रस्ता, एक चर्च आणि वळणावर आमचं टॅव्हर्न (जेवण, दारू आणि मुक्काम एकाच छपराखाली देणारी जुनी इंग्रजी पद्धतीची खानावळ). खाली दगडी भिंती, वर लाकडी मजला. दारात उंच दगडी पायरी, घोड्यावर चढण्यासाठी.

स्वागताला बार्बरा होती. सत्तरीची, डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला एप्रन, पायांत मात्र आजचे धावायचे बूट. ही जुनी वास्तू आता जतन केलेली आहे आणि ती इथे हौसेने वाटाड्याचं काम करते. तळमजल्यावर तिने दारूचा कोपरा दाखवला. त्याला छतापासून लाकडी गजांचा पिंजरा होता. मालक झोपायला जाताना तो खाली ओढून कुलूप लावायचा. वर्तमानपत्राची एकच प्रत यायची, ती एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे वाद घालायचे. कवितासुद्धा अशाच, प्याले आपटत म्हटल्या जायच्या.

"आणि नाटकं वर," ती म्हणाली. इंग्लंडमध्ये नाट्यगृहं उभी राहण्याआधी सरायांच्या अंगणात नाटकं होत, लोक सज्जांतून बघत. तीच सवय घेऊन फिरते नट इकडे आले. गावात थिएटर नसे, टॅव्हर्नचा माडीवरचा लांब दिवाणखाना असे.

दिवाणखान्यात मी आधी आडोशाची जागा शोधली. रंगमंच नाही, पडदा नाही. एका टोकाला शेकोटी, तिच्यापुढे चार पावलं मोकळी जागा आणि लगेच बाकं.

"नट विसरला, तर काय करायचे?" मी विचारलं.

"संहिता घेऊन एक माणूस असायचा. कुठे बसायचा ते ठाऊक नाही," बार्बरा प्रामाणिकपणे म्हणाली. "इथे लपायला जागाच नाही. मला वाटतं, गिऱ्हाइकांतच बसत असेल."

जेवायला व्हर्जिनियाचं शेंगदाण्याचं सूप, मक्याचा पाव आणि कणकेच्या कवचात भाजलेला कोंबडीचा रस्सा होता. अण्णांनी सूपचा एक चमचा घेतला.

"अगं, ही दाण्याची आमटी आहे. यांचा आज उपास आहे का?"

"उपासाला कोंबडी खातात का, अण्णा?"

"मग आमटीला जिरं तरी घालायचं."

या दौऱ्यात ते पहिल्यांदाच पोटभर जेवले. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात ते हात धुवायला म्हणून गेले आणि बाहेरून फटकन आवाज आला.

प्रयोगाआधी रंगमंचावर नारळ फोडायचा हा आमचा रिवाज. आत काही फोडायचं नाही, पेटवायचं नाही, हे मी त्यांना दोनदा बजावलं होतं. म्हणून ते बाहेर गेले आणि दारातल्या दगडी पायरीवर त्यांनी नारळ फोडला. त्या पायरीभोवती दोरी होती, ती ओलांडून. पाणी दगडावरून ओघळत होतं आणि बार्बरा टोपी सावरत धावत येत होती.

"त्या दगडाला आम्ही हातसुद्धा लावत नाही!"

"देवाचं आहे, बाई," अण्णा मराठीत म्हणाले आणि तिला खोबऱ्याचा तुकडा देऊ लागले.

मी रुमालाने दगड पुसला. पल्लवी "सॉरी, सो सॉरी" म्हणत होती. दगडाला ओरखडाही नव्हता, पण बार्बराला संचालकांना फोन करावा लागला, फोटो काढावे लागले, एक फॉर्म भरावा लागला. यात चाळीस मिनिटं गेली. एकचा प्रयोग एक चाळीसला आला आणि जागा तीनला सोडायची होती, नंतर तिथे लग्न होतं. पावणेदोन तासांचं नाटक ऐंशी मिनिटांत बसवायचं होतं.

"दुसऱ्या अंकातला पुराचा भाग काढा," मी म्हणाले.

"आणि जोडायचं कुठून?"

मी सांगितलं. त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा वेगळं. "आज नको," ते म्हणाले. "पल्लवीला सांग, अण्णांची तब्येत बिघडली."

वर साठ माणसं बसली होती. काही दोन-दोन तास गाडी हाकत आली होती.

मी शेकोटीजवळ एक टेबल ओढलं, खुर्ची ठेवली, वही उघडली आणि डोक्यावरून शाल घेतली. "मी पेशंट," मी म्हणाले. "अडलात की माझ्याकडे बघा. मी दुखणं सांगीन."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग डॉक्टरांच्या छत्रीच्या गोष्टीत ते थांबले. साठ माणसं हाताच्या अंतरावर, कुणी खोकेनासुद्धा. अण्णा माझ्याकडे वळले.

"काय हो बाई, काय होतंय?"

"पोटात कळ येतेय, कंपाउंडर. छत्री विहिरीत पडली तेव्हापासून."

लोक हसले. अण्णा सुटले. पुढे मला डोकेदुखी झाली, दमा झाला, गुडघा धरला. जोडाच्या जागी ते पूर्णच हरवले, तेव्हा मी अख्खं वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे," आणि टाळी पडली. एक लहान मुलगी आईला मोठ्याने म्हणाली, "व्हाय इज दॅट आंटी ऑलवेज सिक?"

तीनला सात मिनिटं असताना नाटक संपलं. पल्लवीने मला मिठी मारली. "मावशी, तुम्ही ॲक्टिंग पण करता! हे दोघांचं नाटक आहे, सांगितलं का नाही?" बार्बराला मराठीचा शब्द कळला नव्हता, तरी ती पूर्णवेळ दाराशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर, गेटशेजारच्या खुर्च्यांवर बसून आम्ही बेचव कॉफी प्यायलो. अण्णांनी विचारलं, "किती वेळा?"

"अकरा."

"मला चारच वाटल्या," ते म्हणाले.

बाहेर आमच्या विमानात सामान चढत होतं.

"मग बंद करू या," ते म्हणाले.

"बरं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी आपल्याकडे आग्रह करतात. अजून एक वर्ष करा, लोकांना हवंय, असं म्हणतात. लोकांना हवं होतंच. पल्लवीचा पुढच्या वर्षीसाठी मेसेज आला होता, तो मी त्यांना दाखवला नव्हता, फोन पर्समध्येच होता. पण बावीस वर्षांत मी त्यांना एकही चुकीचं वाक्य पुरवलं नव्हतं.

मी त्यांची कॉफी संपेपर्यंत थांबले आणि दोन्ही रिकामे पेले टाकून आले.