सुटल्याचं साल

दूध वर येत होतं आणि दारावर टकटक झाली. हे पहिल्या शिफ्टला गेलेले. दारात झुलेखाभाभी उभी, हातात अर्धी निवडलेली मेथीची जुडी. ती दार नेहमी बोटांच्या पेरांनी वाजवते, कुणी झोपलेलं जागं होऊ नये तसं.

आमच्या संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर स्कूटर दुरुस्त करणाऱ्या चांदभाईंची ही बायको. चांदभाई रस्त्याकडे पाठ करून काम करतात. गिऱ्हाईक त्यांच्या पाठीशीच बोलतं. असं का, ते मला त्या सकाळी कळलं.

त्यांच्या मुलीला, मुमताजला, आकुर्डीचं स्थळ आलं होतं. माणसं भली, पण मुलीचा बाप आत जाऊन आलाय, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं. चोरीचे पार्ट घेतल्याच्या आळावरून चांदभाईंना नेलं होतं, हे खरंच. पण कोर्टानं निर्दोष सोडलं होतं. तो निकालाचा कागद मात्र त्या दोघांनी कधी मागितलाच नव्हता. माणूस घरी आला, कागद कशाला हवा? आता ईदनंतर पाहुणे पुन्हा यायचे होते, आणि ते कागद बघणार होते.

चांदभाईंच्या सहीचा अर्ज घेऊन आम्ही दोघी पुण्याला कोर्टात गेलो. रेकॉर्डच्या खोलीत छतापर्यंत लाल फडक्यांतले गठ्ठे. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत आलेली आणि तिच्यात धूळ तरंगत होती, कुठे उतरायचं हे विसरल्यासारखी. मला वाटलं, एवढ्या सगळ्या घरांच्या सकाळी इथे बांधून ठेवल्यात. बोलायचं तर कुजबुजूनच बोलावंसं वाटत होतं.

भाभीनं साल सांगितलं. कारकुनानं गठ्ठे सोडले, बांधले. चांदभाई नव्हतेच. दुसऱ्या खेपेलाही नव्हते. तेव्हा कारकुनाला शंका आली. हे साल पकडल्याचं की निकालाचं, असं त्यानं विचारलं. इथे गठ्ठे निकालाच्या सालाने लागतात.

भाभी बोटांवर सालं मोजू लागली आणि मध्येच थांबली.

"काय मावशी, नवऱ्याला नेल्याचं एवढं पाठ, आणि सोडल्याचं ध्यानात नाही?"

तो हसला, वाईट मनानं नव्हे. पण खरंच होतं ते. नेल्याचं साल साऱ्या गल्लीला पाठ होतं. सुटल्याचं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग तिनं तरी कुणासाठी लक्षात ठेवावं?

मी तिला बाकावर बसवलं. चांदभाई घरी आले तेव्हा मुमताज काय करत होती, एवढंच विचारलं. भाभीनं डोळे मिटले. हळूहळू तिला पोरीचे दोन्ही हात दिसले, शाईनं भरलेले. मुमताज चौथीच्या वार्षिक परीक्षेहून आली होती आणि तेच हात तिनं बापाच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसले होते. नेलं तेव्हा ती दुसरीत होती. म्हणजे आम्ही भलत्याच सालाच्या गठ्ठ्यांत शोधत होतो.

तिच्या चौथीच्या सालाच्या गठ्ठ्यात चांदभाई सापडले.

शिक्क्याची नक्कल हातात आली तेव्हा ईद तोंडावर होती. येताना बसमध्ये भाभी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, कागद पदराखाली धरून.

मीही त्यांच्या घरी गेले. चांदभाई आत भिंतीकडे तोंड करून बसलेले. निर्दोष सोडल्याची शेवटची ओळ वाचून दाखवायला मी बाजेवर टेकणार, तोच भाभीनं माझा हात धरला.

"वहिनी, आत नको. त्यांना नेलं तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. तुम्ही दारात उभ्या राहून वाचा."