पांढऱ्या दोऱ्याच्या शिश्या

माहा धंदा काय, तं लोकायची लघवी गोळा करनं. असं सांगितलं का समोरचा पहिले हसते, मंग थोडा मांगं सरकते. माही बायको पाहुन्यायले सांगे का यायले लेबोटरीत नोकरी लागली. पाहुना इचारे, कोनत्या पोस्टवर? मंग थे चाय मांडाले अंदर जाये. मीच सांगो, बाप्पा, पोस्ट मोठी हाय, लोकं उठाच्या आंधी मले त्यायच्या दारात हजर राहा लागते.

हे काम मले शिक्षनावर नाही भेटलं. शाळेत मी गेलतो, पन थे छपरावर, कवेलू फेराले. काम भेटलं थे मरता मरता. ज्या सालात बोंडअळीनं कापसाची पऱ्हाटी पोखरली, त्या सालात समदेच दोन-दोन, तीन-तीन औषधं एका बकेटीत घोळून मारत होते. औषध म्हंजे फवाऱ्याचं जहर, आमच्याकडे त्याले औषधच म्हंतेत. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती. फवारा वर मारा लागे, अन् थो वाऱ्यानं फिरून माह्याच तोंडावर ये. पंप पाठीवर गळत होता. म्या म्हनलं, चांगलं हाय, उन्हाचं थंड लागते. असं माहं डोकं. दुपारून डोळ्यापुढं अंधारी आली, तोंडाले फेस आला, अन् मी तिथंच पऱ्हाटीच्या तासात, दोन ओळीच्या मधात, आडवा झालो.

दवाखान्यात इंजेक्शनं देऊ देऊ मले असा भ्रम झाला का मी छताच्या पंख्याले जावई समजून रामराम करो. नर्सबाईले इचारो, वरात कवा निंगते. हात पलंगाले बांधून ठेवले होते माहे. बाजूच्या पलंगावर एक तरना गडी होता, थोही असाच बडबडे. एका सकाळी त्याची बडबड बंद झाली. म्या त्याच्या मायले म्हनलं, मावशी, आता उतार पडला वाटते, शांत झोपला. थे माह्याकडे पाहत राह्यली. नर्सबाई आली, तिनं चादर वर ओढली, तवा मले समजलं मी काय बोललो थे.

तिथंच लेबोटरीच्या बाई आल्या. हातात झाकनाच्या शिश्या, अन् पलंगा-पलंगावर जाऊन लघवी मांगून राह्यल्या. कोनी देईना. समद्यायले वाटे दारू पेलो का नाही थे पाहून राह्यले. म्या देल्ली. मले वाटलं फुकटचं काई देल्लं तं या आपल्याले लवकर सोडतीन. बाईले वाटलं मोठा समजदार मानूस हाय. त्या गैरसमजावर माही नोकरी लागली, अन् थो गैरसमज म्या लवकरच दूर केला.

बाई डॉक्टरीन नव्हत्या. मी तरी डॉक्टरीनबाईच म्हनो, अन् त्या दर बारीनं सांगत, भाऊ, मी केमिस्ट आहे. एका कॉलेजाच्या मांगच्या खोलीत त्यायची मशीन होती, थेही जुनी. जवानीपासून त्यायनं एकच गोष्ट पाह्यली. जहर अंगात गेलं का अंग त्याचं काय करते. मले त्यायनं समजावून सांगितलतं. लिव्हर त्या जहराले पकडते, तोडते, अन् त्या तुकड्याले साखरेसारखं काहीतरी चिकटवते. मंग थे पान्यात इरघळते अन् लघवीतून निंगून जाते. म्या म्हनलं, म्हंजे नको असलेल्या पाहुन्याले गोडधोड खाऊ घालाचं अन् यष्टीत बसवून द्याचं. बाई म्हने, अगदी तसंच. त्या दिवशी घरी जाऊन म्या बायकोले सांगितलं का माह्या लिव्हरमंदी तुह्यापेक्षा जास्त मान-पान हाय.

बाईनं साल-साल फवारनाऱ्यायच्या शिश्या तपासल्या. समद्यायच्या अंगात थे तुकडे निंगाले. त्यायनं थे लिहून वरच्या मोठ्या लोकायकडे धाडलं. तिकून इचारना आली का याच गावचं पानी पेनारा, हेच अन्न खानारा, पन पंप न उचलनारा मानूस दाखवा. त्याच्या लघवीत हे तुकडे नसतीन तं तुमचं खरं. नाही तं आमाले कसं समजावं का हे फवाऱ्यानंच झालं? म्हंजे बाईले आता कोरे मान्सं पायजे होते. त्यायची नोकरी संपत आलती. त्या गेल्या का मशीनही जानार होती, त्यायच्या जागी कोनी येनार नव्हतं. सारी उमर त्या कोऱ्या मान्सायवर येऊन अटकलती.

बाई मले म्हने, भाऊ, असे लोक तुम्हीच शोधा.

म्या छाती ठोकून सांगितलं, पहिला कोरा मानूस माह्या घरीच हाय.

माही पोरगी पहिल्या बाळंतपनाले आलती. दिली होती उमरखेडकडे. तिचे सासरचे मोठ्या खटल्याचे, घरात मान्सं लय, सारे वावरात, पोटुशी बाई असली तरी तिले फवाऱ्याचं पानी डोक्यावरून न्या लागे. माहं औषधानं असं झाल्यावर मले थे सहन होईना. रिवाजापरमानं सातव्या महिन्यात आनतेत, मी चौथ्यातच जाऊन बसलो. तिची सासू म्हने, इतकी काय घाई? म्या म्हनलं, इहीनबाई, पोरीच्या हातचं खाल्ल्याबिगर मले झोप येत नाही. मंग पोरीले तंबी देल्ली का वावराकडे पाहाचंही नाही. थे घरात बसून राहे. तिच्याइतकं साफ मानूस आमच्या गावात कोन असन?

दुसरा मानूस बोरी अरब गावचा. बाजारात मोटारी दुरुस्त करनारे एक चाचा होते, त्यायनं उमरभर वावरात पाय नाही ठेवला. म्या शिशी पुढं केली तं गाडीखालून तोंड काढून म्हने, "मियाँ, मेरे से ऑइल लेके क्या करेगा? ग्रीस में उमर गई, ग्रीसच निकलेगा." पन देल्ली. तिसरी तांड्यावरची एक म्हातारी. तिले मी याडी म्हनो, तिकडे मायले याडी म्हंतेत. थे म्हने, आता मरताना हेही मांगून राह्यला कारे? असे करत करत कोरे मान्सं जमा झाले.

आता दोऱ्याची गोष्ट. बाई शिश्यायवर आकडे टाकत, पन मले कायचं वाचता येते. म्हनून मी शिशीच्या गळ्याले दोरा बांधो. फवारनाऱ्याले लाल, कोऱ्याले पांढरा. लाल दोरा बाजारातून आनला. पांढरा कायले आना? आमच्या पुढच्या खोलीत पहिल्या येच्याचा, म्हंजे पहिल्या वेचनीचा, कापूस छताले लागलता. गिऱ्हाईक येईपर्यंत आमच्याकडे कापूस घरातच राहते, मान्सं त्याच्या बाजूले झोपतेत. पोरगी तिथंच पाय लांब करून बसे अन् देवाची वात वळते तसा दोरा वळून दे. मले मोठी अक्कल वाटे स्वतःची.

दिवाळी झाल्यावर बाईनं मले बलावलं. पांढऱ्या दोऱ्याच्या साऱ्या शिश्या टेबलावर मांडल्या होत्या. म्हने, सगळ्यांमध्ये आहे. लालपेक्षा कमी, पण आहे.

मले पहिले समजलंच नाही. म्या म्हनलं, कोनाच्या? म्हने, सगळ्यांच्या. म्या चाचाचं इचारलं, याडीचं इचारलं. पोरीचं मी इचारलं नाही. बाईनं तिची शिशी जरा इकडे सरकवली, तेवढंच.

बाई खाली मान घालून बसल्या होत्या. मंग त्यायचं ध्यान दोऱ्यावर गेलं. एक दोरा बोटानं उचलून इचारलं, हा कुठला? म्या सांगितलं, घरच्या कापसाचा. त्या कापसावर फवारलं होतं? म्या म्हनलं, बाई, आमच्याकडे देवाले वाहाच्या वातीवरही फवारलेलं असते.

बाई उठून उभ्या राह्यल्या. तोंडावर अशी चमक आली का मले वाटलं आता मले मारतीन. त्या म्हने, "भाऊ, हा दोरा झाकणाला लागला असेल. झाकण उघडताना आत गेला असेल. ही तुमची चूक असू शकते."

"असनच बाई," म्या म्हनलं. "माही चूक नाही असं आजपर्यंत झालं नाही."

मंग म्या बोलतच सुटलो. सांगितलं का शिश्या मी ज्या थैलीत आनो, तिच्यात पहिले पंपाचे नोझल राहत. माहे हात धुतलेले नसत. एका शिशीचं झाकन पडलतं, थे म्या धोतरालेच पुसलतं. तंबाखू मळून त्याच बोटानं झाकनं लावली. जे केलं थे सांगितलं, जे नाही केलं थेही सांगितलं. बाई हसत होत्या. इतक्या सालात मी त्यायले हसताना पाह्यलं नव्हतं. दोघंही चाय पेलो. मी इतका खूश का जसं मले इनाम भेटलं.

बाईनं मले सांगितलं का आता कसं पाहाचं. शिश्यायमंदलं अर्धं बर्फात ठेवलेलंच होतं. पहिल्या बारीनं त्यायनं साखर तोडून सारे तुकडे एका जागी मोजले होते. आता न तोडता पाहाचं. दोऱ्यावरून पडलं असन तं तुकडा उघडा असन. अंगातून आलं असन तं त्याले साखर चिकटलेली असन. थे साखर ऊन-पानी चिकटवत नाही, कापूस चिकटवत नाही. थे फक्त अंग चिकटवते.

निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, थे माह्या बायकोले इचारा. म्या सारा कापूस पुढच्या खोलीतून काढून गोठ्यात नेऊन टाकला. बायको म्हने, भिजन, चोर नेईन, तुमाले झालं काय? म्या म्हनलं, मले कापसानं खोकल्याची उबळ येते. उमरभर कापसात लोळलेला मानूस असं सांगून राह्यला, मंग थे काय म्हनन? तिनं शेजारच्या बाईले सांगितलं का यायच्या डोक्यात औषध अजून हाय. खरंच असन म्हना.

पोरगी पानी पेये तं मी गिलासाकडे पाहो. भाजी चिरे तं भाजीकडे पाहो. इहीर आमची पऱ्हाटीच्या मधात, तुरीची डाळ पऱ्हाटीच्या तासातली, पालकाचा वाफा बांधाले लागून. तिले कायपासून दूर ठेवावं हेच मले समजेना. मले एकच आस होती. मी येडा हाय, साऱ्या गावाले मालूम हाय, माह्या सासऱ्यानं तं मांडवातच सांगितलतं. आता एक बार थो येडेपना कामी यावा.

बाईचा निरोप आला. गेलो. मशीन बंद होती. मी दारातूनच म्हनलं, सांगा बाई, किती येडा हाय मी?

बाई म्हने, "भाऊ, तुमची चूक नाही."

म्या थैली खाली ठेवली.

"साखर चिकटलेली आहे. सगळ्यांच्या."

"अजून एक बार पाहा बाई. दोरा लय घान होता."

"पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. तुमची चूक निघावी म्हणून पाहिलं."

"पोरीच्याही?"

"हो."

म्या इचारलं का तिले काय होईन. बाई म्हने, मला माहीत नाही. ते शरीरात येतं कसं अन् जातं कसं, एवढंच मी आयुष्यभर पाहिलं. येणं अन् जाणं यांच्यामध्ये जितका वेळ ते थांबतं, तितक्यात थोडं थोडं रोज काय करतं, ते मला सांगता येत नाही.

"अन् पोटातल्याले?"

बाईनं पोरीची शिशी उचलून हातात धरली. मंग म्हने, "त्याचं लिव्हर अजून कच्चं असतं, भाऊ. त्याला साखर चिकटवता येत नाही नीट."

मंग त्या वर धाडाच्या कागदाचं बोलल्या. म्हने, कोरा माणूस आपल्याला मिळणार नाही. अन् सगळ्यांच्याच अंगात आहे असं लिहिलं, तर ते म्हणतील बाटल्या खराब होत्या. दोऱ्याचं मला लिहावंच लागेल, अन् ते दोऱ्याकडेच बोट दाखवतील. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. असं म्हनून त्यायनं पांढऱ्या दोऱ्याच्या शिश्या एक-एक करून डब्यात भरल्या. मी मदत कराले गेलो तं म्हने, राहू द्या. थो कागद त्यायनं काही धाडला नाही. थोड्या महिन्यात नोकरी संपली, बाई भावाकडे निंगून गेल्या. खोलीत आता झाडू अन् तुटके बाक ठेवतेत.

पन त्या दिवसाचं सांगतो. मी यष्टीनं घरी आलो. दोन्ही बाजूनं पऱ्हाटी फुटलती, सारं पांढरं. बाजूचा मानूस म्हने, यंदा दुसऱ्या येच्याले बरं निंगन. म्या म्हनलं, निंगन.

पोरगी ओट्यावर बसलती. कापूस गोठ्यात नेला तरी तिनं टोपलंभर तिथून आनलाच होता, अन् वळून राह्यली होती. म्हने, "बाबा, काय निंगालं आमचं?"

तिले तारीख जवळ आलती. पाय सुजले होते. बायको दारात येऊन उभी राह्यली.

म्या म्हनलं, "काय निंगते? माहीच चूक निंगाली. दोरा खराब होता, सारं पान्यात गेलं. बाईनं मले असं झाडलं का यष्टीत बसेपर्यंत कान गरम होते."

बायको म्हने, वाटलंच होतं मले, अन् अंदर गेली. पोरगी हसाले लागली. म्हने, बाबा, तुमाले एक दोरा बांधता येत नाही, अन् नोकरी लेबोटरीत. हसता हसता तिनं पोट दोन्ही हातानं धरलं.

"पाहा ना," थे म्हने, "हे बी तुमाले लाथा मारून राह्यलं."

म्या म्हनलं, "मारू दे."