तीन माणसं बसवून दाखव

आईशप्पथ, सगळं खरंय! म्हणजे मॅडमच्या बुटापर्यंत तरी शंभर टक्के. पुढचं मलाच अजून पटलेलं न्हाई.

सोनईवरनं नगरला, सावेडीच्या ऑफिसला रोज जायचं म्हणल्यावर किस्से डिक्कीत आपोआप साठत जातात.

आण्णांनी, म्हणजे वडलांनी, मला सेकंडहँड कार घेऊन दिली. अट एकच. "तुझ्यासारख्या टवाळाच्या गाडीत कोण बसंल? महिन्यात तीन माणसं बसवून दाखव. न्हाईतर गाडी मामाला!"

*

आधी गेलो गोर्डेकाकांकडं. आमचे हेडक्लार्क. वीस वर्षं एसटी, वीस वर्षं तीच खिडकी.

"काका, चला की कारनं!"

"एसटी आपटली तर पन्नास जणांत आपटतो. तुझ्या गाडीत एकटाच."

"मी असतो की!"

"म्हणूनच!"

*

ऑफिसातल्या शेळके मॅडम बसल्या, पण भरवसा कुठाय? प्रत्येक वळणाला पाय कचकन खाली दाबायच्या. मी गंभीर तोंड करून म्हणलं, "मॅडम, तुमच्याकडचा ब्रेक जरा हळू मारा. मागचं टायर घासतंय."

"सॉरी हं!"

दुसऱ्या दिवशी बूट घालून आल्या. "चपलेनं नीट लागत न्हाई!"

*

दुसरा बाळू, आमचा शिपाई. शिंगणापूरचा. घरालाच दार न्हाई, मग कुलूप कुठलं? मी गाडीची काच वर केली तरी ह्याला वाईट वाटतं. "लोक काय म्हणतील? आपला त्यांच्यावर इश्वास न्हाई व्हय?"

*

महिना संपायला एक दिवस. एक माणूस कमी. घोडेगावला चहाला थांबलो, मॅडम आणि बाळू गाडीतच, तर समोर काका! एसटी लेट. म्हणलं, चहा मारतो आणि काकांना गाठतो.

बाळू म्हणला, "किल्ली राहू दे गाडीतच. मी हाय की."

चहा पिऊन आलो. गाडी न्हाई! काकाबी न्हाईत!

बाळूला फोन लावला.

"अरे, एक जण आला. म्हणला, मी चालवू का? म्हणलं, चालवा."

"कोण हाय तो?"

"इचारलं न्हाई. पण लई भारी चालवतो. मॅडम पाय वर घेऊन बसल्यात!"

मागनं काकांचा आवाज. "सांग त्याला, आज मीबी बसलो!"

"काका, अनोळखी माणसावर एवढा भरवसा?"

"तुला वळखतो ना मी!"

आण्णांना लगेच कळवलं, तीन माणसं बसली. गाडी वाचली. तो माणूस आता रोज सकाळी आठला येतो, तिघांना घेऊन गाडी नेतो.

आणि मी बसलोय ती, ही तुमच्याशेजारची खिडकी काकांची, बरं का.

कंडक्टर आले बघा. दोन नगर सांगा. एक तुमचं, एक माझं. एवढं ऐकलंत, आता काढा!