चकमकींचं मडकं

झाडाखालचा पाचोळा झाडून पाठ फिरवावी, की मागे तितकाच पुन्हा पडलेला असतो. आमच्या जंगलनाक्यावरच्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगून संपवली की चार आठवतात.

मी निरगुडसरचा, सपाटीवरचा माणूस. पण नोकरी लागली ती जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात, इंग्रज सरकारच्या जंगलखात्यात रखवालदार म्हणून. नाक्यावर आम्ही तिघं: फॉरेस्टर नाना, जुन्नरच्या कागद करणाऱ्या घरातला उस्मानभाई आणि मी. आदल्या साली अर्धं रान वणव्यात गेलं होतं. साहेबाने बजावलं होतं, पुन्हा जळालं तर रान नाक्याजवळच्या वाडीला बंद. म्हणजे चराई बंद, सरपण बंद, हिरडा गोळा करणंही बंद. वाडीचं मीठमिरची, कापडचोपड त्या हिरड्यावरच निघायचं.

नाना म्हणाले, "या साली जळू द्यायचं न्हाई." नाना एकदा बोलले की बोलले.

*

थंडी सरता सरता आम्ही जाळरेषा काढायचो. रानाच्या कडेने गवताचा पट्टा कापायचा आणि वारा नसताना आपणच जाळून टाकायचा. उन्हाळ्यात आग आली तरी तिथे तिला खायला काही उरत नाही. वाडीतली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आमी काडी लावली तर चावडी, आन् तुमी लावली तर पगार?"

उस्मानभाई घाम पुसत म्हणाला, "पगार इझवायचा हाय, आजी. लावतो ते फुकट."

म्हातारी हसली नाही. पण दुसऱ्या सकाळी पाचोळा लोटायला स्वतःचा खराटा घेऊन आली.

*

चैत्रात नानांनी नाक्यावर मडकं मांडलं. रानात जाणाऱ्याने आपली चकमक, म्हणजे चिलीम पेटवायची गारगोटी, त्यात टाकायची, संध्याकाळी परत न्यायची. लोक भडकले. दिवसभर चिलमीशिवाय राहायचं कसं? नाना स्वतः अट्टल चिलीमबाज. त्यांनी सगळ्यांदेखत आधी आपली चकमक टाकली. मग एकेकाची चकमक मडक्यात पडू लागली.

संध्याकाळी मात्र गोंधळ, कारण सगळ्या चकमकी सारख्याच. राजुरीहून गुरं घेऊन आलेला एक गडी दुसऱ्या दिवशी तणतणत आला.

"नाना, माझी बदलली. ही लई घासली तरी पेटत न्हाई."

"मंग तीच ठेव," नाना म्हणाले.

*

साहेब तपासणीला आला तोच तोंडात चिरूट घेऊन. उस्मानभाईने पाण्याचा तांब्या उचलला आणि त्याच्या मागे मागे चालू लागला. साहेब थांबला की हा थांबायचा. राख पडली की तिच्यावर पाणी. शेवटी साहेबाने मोडक्या मराठीत विचारलं, "तू मागे का?"

"हुजूर, वणवा हितं चाललाय," असं म्हणून उस्मानभाईने तांब्या पुढे केला.

मला वाटलं, आज तिघांच्याही नोकऱ्या गेल्या. पण साहेबाने चिरूट तांब्यात बुडवला आणि परत जाईपर्यंत दुसरा पेटवला नाही.

*

वैशाखात वाडीतल्या कोंडाजीच्या मुलीचं लग्न निघालं. कुठे धूर दिसला की सगळ्यांच्या आधी धावणारा माणूस तो. वऱ्हाड पिंपरी पेंढारहून येणार, वाट रानाच्या कडेने. नाना मडकं घेऊन वाटेवर बसले. कोंडाजीने हात जोडले.

"नाना, व्याह्याच्या माणसांकडं चकमक मागितली तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल."

नानांनी मडकं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

वऱ्हाड आलं, टेकडीआड जानवसघरी उतरलं. गोरज मुहूर्ताला अजून वेळ होता, तोच त्यांच्या वाटेवरून धूर उठला. कुणीतरी जाता जाता चिलीम झाडली होती. वारा रानाच्या दिशेने होता. मी ओरडत वाडीत शिरलो. माणसं उठली, पण हातात घ्यायचं काय? आग झोडपायला ओली डहाळी लागते, आणि हिरवं होतं ते सगळं आगीच्या पलीकडे, वर.

कोंडाजीने मांडवाकडे पाहिलं. सकाळीच घातलेल्या जांभळीच्या ताज्या डहाळ्या होत्या. पहिली त्याने स्वतः ओढली. मग सगळी वाडी तुटून पडली. त्याची बायको मुहूर्तमेढीला मिठी मारून उभी राहिली.

"येवढी सोडा," ती म्हणाली. "बाकी न्या."

म्हातारीसुद्धा खराटा घेऊन धावली. जाळरेषेवर आम्ही आग अडवली. नानांचा पटका जळाला, उस्मानभाईचे हात पोळले, पण कुणी मागे सरलं नाही. दिवस कलता कलता ती विझली. वरचं हिरड्याचं एकही झाड गेलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

वाडीत परतलो तर वऱ्हाड वाजतगाजत दारात आलेलं. आमची तोंडं काळी, कपडे काळे, आणि अंगणात एकटी मेढ. टेकडीआड बसलेल्या व्याह्याला कशाचाच पत्ता नव्हता. तो तापला.

"पावणं, मांडव कुठाय? उघड्यावर लगीन लावायचं व्हय आमी?"

कोंडाजीने काजळलेला हात डोंगराकडे केला.

"त्यो काय," तो म्हणाला. "हिरवा दिसतोय न्हवं?"