पात्रांवांची चौथी नळी

मस्कतच्या गॅरेजात आज मला पगार मिळतो तो पात्रांवांमुळे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना हात अडेल आणि हेच सांगायचं राहून जाईल.

पात्रांव म्हणजे मालक. आमच्या कट्टा गावात सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत, पण त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं. बाजारात कोणी चिडवलं की म्हणायचे, "आसा मां, माझो डावो हात! सांगलेला आयकता आणि उलटून बोलणा नाय."

त्यांचं काम मात्र सगळ्या तालुक्यात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. गोव्यातले काही हौशी लोक गाडीला सुपरचार्जर बसवतात, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरतात. ती हवा आत नेणारा चार नळ्यांचा ॲल्युमिनियमचा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. ओतकामामुळे या नळ्या आतून खरबरीत राहतात. पात्रांव घरच्या पडवीत बसून, हातात मावेल एवढ्या ग्राइंडरने त्या आतून घासून मोकळ्या करत. माप घ्यायला त्यांची करंगळी. डोळे मिटून ती नळीत घालायचे आणि मान एका बाजूला करून बसायचे, जणू आतून कोणी काही सांगतंय. "हवेक वाट व्हयी, मैदान नको," असं त्यांचं म्हणणं. जास्त घासलं की भिंत पातळ होते, आणि दाबून भरलेली हवा अशी भिंत फोडून बाहेर येते.

ॲल्युमिनियम मऊ, ग्राइंडरच्या दातांत भरतं. म्हणून ते दातांना मेण लावायचे, वाडीतल्या क्रुसाजवळच्या मेणबत्त्यांची उरलेली थोटकं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आंटीला, ते अजिबात खपत नसे. "देवाक अर्धी आणि ह्यांच्या मशिनीक अर्धी! वर गेल्यार देव इचारतलो तुमका."

"इचारू दी. त्याका पण साफ काम आवडता."

मी आठवीत शाळा सोडलेली. दहा वर्षं दुसऱ्याचा टेम्पो चालवला, तो बंद झाला तेव्हा घरी बायको आणि दीड वर्षाची मुलगी. पात्रांवांकडे गेलो तर त्यांनी काही विचारलं नाही, माझं बोट धरून नळीत घातलं. "काय लागता?"

"कायच कळणा नाय."

"मगे परत घाल. शाळेत मास्तर मारी, हय कोण मारणा नाय."

दोन वर्षांनी माझ्या बोटाला कळायला लागलं. तेव्हाच मडगावचा एक गाडीमालक आपला मॅनिफोल्ड घेऊन आला. त्याच्या मेव्हण्याचं मस्कतला गॅरेज होतं. पात्रांवांनी त्याच्याकडे माझा विषय काढला. मालक म्हणाला, "काम बघतो, मग नाव पाठवतो." पात्रांवांनी तो मॅनिफोल्ड सगळा माझ्याकडे दिला.

त्यांचा एक नियम होता. चर्चची संध्याकाळची घंटा झाली की ग्राइंडर बंद. ट्यूबलाइटच्या उजेडात भिंत फसवते, असं ते म्हणत. तीन नळ्या झाल्या होत्या, चौथी अर्धी राहिली होती आणि मालक सकाळी येणार होता. मे महिना. पात्रांव आणि आंटी क्रुसाकडे लदिनीला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला गेले. घंटा झाली. मला वाटलं, थोडंच तर राहिलंय.

नळीच्या वळणावर आवाज बदलला. मी हात मागे घेतला तोवर तांदळाच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं.

पात्रांव आले ते कागदाच्या पुडीत लदिनीचे उकडलेले चणे घेऊन. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी नळीत बोट घातलं. बराच वेळ काढलं नाही. भोक वेल्डिंगने बुजवलं असतं, पण त्या दाबाखाली जोड टिकला नसता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि असा दुसरा भाग मिळण्यासारखा नव्हता.

"रडतंस कित्याक? चणे खा. गरम आसत."

सकाळी मालक आला. मी काही बोलायच्या आत पात्रांव पुढे झाले. "तीन नळ्यो ह्येच्यो. चवथी माझी. हात सरकलो."

मालक ओरडला नाही. त्याने तिन्ही नळ्यांत बोट फिरवलं, माझ्याकडे बघून पसंतीची मान डोलावली. मग म्हणाला, "पात्रांव, वय झालं तुमचं."

"झाला खरा."

मी तिथेच उभा होतो, त्यांच्यापासून दोन हातांवर. माझं तोंड उघडलं नाही. पुढच्या महिन्यात माझा व्हिसा आला.

गोव्याचं काम त्यानंतर पात्रांवांकडे आलं नाही. मालकाने कोणाकोणाला सांगितलं ते मला कळायचं कारण नाही, पण असल्या गाड्यांचे लोक एकमेकांना ओळखतात. आता ते कट्ट्याच्या एसटी स्टॉपजवळ पंक्चर काढतात. फोनवर विचारलं तर हसतात. "हवेचाच काम आसा रे, आता टायरात भरतंय." आंटी मात्र फोनवर येत नाही.

गेल्या वेळी फोनवर मी म्हटलं, "मालकाक खरा काय ता सांगतंय."

"खुळो काय तू? चेडू शाळेत जाता मां तुझा? गप रव."

मी फोन ठेवला. इथे त्या मालकाच्या मेव्हण्याचाच मुलगा माझा सुपरवायझर आहे. तो जवळून गेला की मी मान खाली घालून ग्राइंडर चालवत राहतो. पात्रांवांची नजर आता अधू झाली आहे, बोटं बधिर होतात म्हणतात. खरं सांगितलं तरी ग्राइंडर पुन्हा त्यांच्या हातात येईल, अशी आशा मला उरलेली नाही. उशीर झालाय, तो मीच केलाय.

तरीही एकदा सुट्टीवर आलो की पात्रांवांना न विचारता मडगावला जाईन. नोकरी राहो न राहो, त्या मालकाला हाताला धरून कट्ट्याच्या स्टॉपवर आणीन आणि चार माणसांत, पात्रांवांच्या समोर, त्याला सांगेन की चौथी नळी माझी होती.