वळणावर वाजणारा भोंगा

चहा घ्या, गार होईल. माझ्या फजितीला काही घाई नाही. इतकी वर्षं थांबली, आणखी दोन घोट थांबेल. हसायचं असेल तर मात्र आत्ताच हसून घ्या. पुढे मधेच हसलात की मला राग येतो, आणि राग आला की मी उगाच स्वतःची बाजू मांडायला लागतो. ह्या गोष्टीत मला बाजूच नाही!

भूमापन खात्यात नकाशे काढणाऱ्या माणसानं मोटारीच्या वायरिंगमध्ये हात कशाला घालावा? बायकोनंही हेच विचारलं होतं.

मोटार चांदूर रेल्वेला कापसाच्या एका जिनिंगच्या गोदामात पडून होती. विलायती, कापडी टपाची, युद्धाच्याही आधीची. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आणि बोनेटखाली उंदरांचा संसार. गोदामवाल्याला जागा मोकळी हवी होती. म्हणाला, "घेऊन जा साहेब. कोंबड्यायचं मी पायतो." मी ती ट्रकमागे बांधून अमरावतीला आणली आणि अंगणात कडुलिंबाखाली उभी केली.

मग जे सुरू झालं ते बरेच हिवाळे-उन्हाळे चाललं. एक इंग्रजी पुस्तक मिळवलं, शेजारी शब्दकोश ठेवून वाचलं. इंजिन उतरवलं, चढवलं, पुन्हा उतरवलं. टपाचं कापड बायकोनं शिवणयंत्रावर शिवलं. सुई मोडली की माझ्याकडे नुसती बघायची. शेवटी उरलं वायरिंग. उंदरांनी एक तार धड ठेवली नव्हती.

आता माझा स्वभाव ऐका, कारण सगळी गोम तिथे आहे. नकाशात रेघ वाकडी गेली तर मला जेवण जात नाही. मोटारीत घातलेली प्रत्येक वायर मी अशी ताठ ओढली की तिच्यावर सतार वाजवावी. कुठे झोळ म्हणून नाही! हॉर्नच्या बटणाची तार स्टेअरिंगच्या दांड्याच्या पोटातून जाते. तीही तशीच, ताणून. मग सगळ्या तारा एकत्र गुंफल्या, वर सुती फीत गुंडाळली आणि फितीवर व्हार्निशचे हात दिले. पुढच्या जाळीचे स्क्रू डोळ्याला खुपत होते, म्हणून त्यांच्या खाचांत रंगारी भेगा बुजवायला वापरतात ती लांबी भरून वरून रंग मारला. हॉर्न त्या जाळीमागे. आता तुम्ही म्हणाल, उद्या काही बिघडलं तर उघडणार कसं? हा प्रश्न तुम्हाला दोन मिनिटांत सुचला. मला इतक्या वर्षांत सुचला नाही.

रंग वाळतो न वाळतो तोच अकोल्याहून निरोप आला. बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्कांच्या मुलीचं, सुमनचं लग्न ठरलं. बायकोनं मला न विचारता माहेरी कळवून टाकलं, की पाठवणीला आमची मोटार येईल आणि हे स्वतः चालवतील. माहेरी तिला वर्षानुवर्षं एकच गोष्ट ऐकावी लागत होती: 'तुझा नवरा अंगणात भंगार घेऊन बसला आहे.' ते तोंड तिला एकदाचं बंद करायचं होतं. मला हे ठाऊक होतं. म्हणूनच पुढं जे बोललो ते बोललो.

निघालो. मोटार अशी चालली की काय सांगू! बडनेऱ्याच्या वळणावर मात्र हॉर्न वाजला. आपोआप. मी बटणाला हात लावला नव्हता.

"कोनाले भोंगा देला?" बायको म्हणाली.

इथे साधी, सोपी दोन वाक्यं होती: 'मी दिला नाही. काहीतरी बिघडलं आहे.' जड होती का सांगा? पण ती नवी साडी नेसून, टपावर कौतुकानं हात फिरवत बसली होती. मी म्हणालो, "वळणावर द्यावा लागतो. नियम आहे."

पुढच्या डाव्या वळणाला पुन्हा वाजला. आता ती माझ्या हातांकडे बघत होती आणि माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. मग मी दुसरं वाक्य बोललो, पहिल्यापेक्षा वाईट. "तशीच योजना केली आहे. मोटार वळली की आपोआप वाजतो."

"अस्सं?" ती म्हणाली, आणि मूर्तिजापूरपर्यंत माझ्या हातांकडेच बघत बसली.

अकोल्यात मांडवापुढे उतरलो मात्र, ती तडक आत गेली आणि सगळ्यांना सांगून आली, "ह्यायनं असा भोंगा बसवला, का मोटार वळली का आपल्या मनानं वाजते!"

झालं! माझे मेहुणे बबनराव धावत आले. मोठ्या आवाजाचा माणूस; त्यांनी कानात सांगितलेलं शेजारच्या आळीत ऐकू जातं. ते स्टेअरिंगवर बसले आणि डावीकडे फिरवलं. पॉं! मांडवातली माणसं बाहेर आली. पुन्हा फिरवलं. पॉं! दुपारपर्यंत निम्म्या वऱ्हाडानं रांग लावून स्टेअरिंग फिरवून पाहिलं. मी बाजूला उभा. प्रत्येक पॉं ऐकताना मला डोळ्यांपुढे ती ताणलेली तार दिसत होती. दांड्याच्या आत, घासून साल निघालेली, लोखंडाला टेकली की भोंगा.

शेवटी बबनराव नवरदेवाच्या वडिलांनाच घेऊन आले. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांचं घर. शांत, तोलूनमापून बोलणारे गृहस्थ. त्यांनी दोनदा ऐकलं, जाळीला हात लावून पाहिला आणि मला आदरानं विचारलं, "आमच्या टॅक्टरलेही असा लावून देसान का?"

सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं. बायकोही.

"पाहू," मी म्हणालो. नम्रपणे, बरं का!

आता पाठवणीकडे चला. सनई थांबलेली. सुमन अक्कांच्या गळ्यात पडलेली, दोघी हुंदके देतायत, चार बायकांनी पदर डोळ्यांना लावलेला. नवरदेव मागच्या सीटवर मुंडावळ्या सावरत बसलेला. मी पुढे. माणसांनी मोटारीला गराडा घातला होता, म्हणून बाहेर काढायला सोपं जावं अशा बेतानं मी स्टेअरिंग थोडंसं, अगदी थोडंसं, डावीकडे घेतलं.

पॉंऽऽऽऽ!

उजवीकडे घेतलं. थांबेना. सरळ केलं. थांबेना. बटणावर बुक्की मारली. उलट सूर चढला!

नवरदेवाची आत्या तेवढ्यात म्हणाली, "अवं माय! एवढी घाई झाली का यायले पोरगी काढून द्याची?"

अक्कांचा हुंदका अर्ध्यात अडकला. "भाऊजी, पोरीले नीट रडू तं द्या!"

"अक्का, मी वाजवत नाही!"

"मंग कोन वाजवते? तुमीच बसले ना तिथं?"

सुमननं आईच्या खांद्यावरून मान वर केली. डोळे लाल, आवाज रडका. "मावसाजी, मी एवढी जड झाली का तुमाले?"

मी उडी मारून बोनेट उघडलं. काय सुंदर गुंफण ती! एका जाडीची, चकचकीत, प्रदर्शनात ठेवावी अशी. त्यातली हॉर्नची तार कोणती? देवाला ठाऊक. व्हार्निशनं दगड झालेली फीत नखानं उकलेना. जाळीकडे धावलो. स्क्रू सापडेनात. मीच बुजवलेले, मलाच सापडेनात! पॉं चालूच. पलीकडच्या गोठ्यातली म्हैस ओरडायला लागली. बबनराव माझ्या कानाशी येऊन गर्जत होते, "बंद करा ना भाऊजी! समजला शोध, समजला!"

नवरदेवाचे वडील पुढे आले. त्यांचा चेहरा आता आदराचा नव्हता. "आमी काय उशीर करून रायलो का, साहेब? तसं तोंडानं सांगा. भोंगा कावून वाजवता?"

तेव्हा मला दिसलं, की आणखी क्षणभर गप्प राहिलो तर सुमनच्या सासरची पहिली आठवण अपमानाची होणार. मी बायकोकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता. तिच्या माहेरची शंभर डोकी भोवती.

"शोध नाही तो," मी ओरडलो. हॉर्नवर आवाज चढवणं भागच होतं. "बिघाड आहे! माझ्या हातचा बिघाड आहे! घाई कोणालाच नाही!"

आणि बॅटरीची तार ओढून काढली.

अशी शांतता पसरली की म्हैससुद्धा गप्प झाली.

"बरं झालं," नवरदेवाचे वडील म्हणाले. "चला मंग आता."

"चालणार नाही," मी म्हणालो. "बॅटरीशिवाय इंजिन पेटत नाही. बॅटरी जोडली तर…"

"तर वाजते."

"वाजतो."

त्यांनी मोटारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोटाच्या बाह्या वर सारल्या. मग नवरदेव उतरला, अक्कांनी सुमनला मागच्या सीटवर बसवलं. बबनराव आले, आत्यासुद्धा मडगार्डला हात लावून उभी राहिली. मी स्टेअरिंग धरलं, मोटार हलली, आणि मागच्या सीटवरून एक वेगळाच आवाज आला. सुमन हसत होती. खांदे गदागदा हलतायत, डोळ्यांत पाणी, आणि हसू आवरत नाही.

अक्का मोटारीसोबत धावत होत्या. "अवं हासू नको! लोकं पायते! रड थोडीशी!"

पण पूल ओलांडेपर्यंत पोरगी हसतच गेली. पुलाच्या चढावर नवरदेवाचे वडील मागून धापा टाकत म्हणाले, "साहेब, टॅक्टरचं राहू द्या."

मोटार बबनरावांच्या हवाली केली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आगगाडीनं परत निघालो. दिवस मावळत होता. मी म्हणालो, "वळणाचा तो नियम… नियम नव्हता तो."

"मले बडनेऱ्यालेच समजलं होतं," ती म्हणाली.

"मग माहेरी सांगत कशाला फिरलीस?"

"मंग काय सांगू? तुमी स्वतःच्या तोंडानं योजना म्हनली. मी खोटं पाडू का तुमाले, माझ्या मानसायसमोर?"

तिची लाज राखायला मी खोटं बोललो, आणि माझी राखायला ती. एकानं जरी खरं बोलायचं धाडस केलं असतं तर त्या नवरदेवाला मुंडावळ्या बांधून मोटार ढकलावी लागली नसती.

अंधारून आलं. डब्यातला दिवा लागेना. एकदा लुकलुकला आणि विझला. कुठेतरी तार ढिली असणार. मी सहज वर पाहिलं, चपला काढल्या आणि बाकावर चढायला एक पाय उचलला.

बायकोनं माझं धोतर धरलं.

"बसा खाली," ती म्हणाली. "अंधार बरा हाय."