फक्कीची रेषा

परवा शाळेच्या मैदानावर फक्कीने रेषा आखत होते. त्या कोरड्या चुन्याच्या वासाने पिंपळगाव राजाजवळचे एक शेत डोळ्यांपुढे आले. गॅसवाहिनीच्या कंपनीसाठी मी तेव्हा शेतकऱ्यांची संमती मिळवीत असे. त्यांच्याशी संबंध सुधारा, असा वरून आदेश होता. म्हणून त्या शेतकऱ्याच्या घरी मी महिनाभर चहाला जात राहिलो. ‘चहा पेऊन पेऊन वावर नेता काय साहेब?’ असे तो हसून विचारी. अखेर एके दिवशी त्याने मला बांधाजवळच्या बोरीपाशी नेले. दात येण्याआधीच गेलेली त्याची मुलगी रीतीप्रमाणे तिथे पुरलेली होती. ‘नळ इथून जरा बाजूनं न्या, मंग सही देतो.’ मी शब्द दिला, वाहिनीचा मार्ग दाखवणारी फक्कीची रेषा स्वतःच्या हाताने वळवली आणि त्याने सही केली. नकाशात ती दुरुस्ती करायची मात्र माझ्याकडून राहून गेली. मधल्या पावसात फक्की धुऊन निघाली आणि चर खणणारे यंत्र नकाशाप्रमाणे सरळ गेले. मी पोचलो तेव्हा चराच्या कडेने काळ्या ओल्या मातीचे ढीग पडले होते. शेतकरी पाठ फिरवून उभा होता. शिव्या ऐकण्याची माझी तयारी होती. पण त्याच्या बायकोने पदर सावरून एवढेच विचारले, ‘साहेब, आमची पोरगी कोन्त्या ढिगात हाये, तेवढं सांगा.’ मला ठाऊक नव्हते. तरीही मी एका ढिगाकडे बोट दाखवले. तिने त्यातली ओंजळभर माती पदरात बांधून घेतली. तो ढीग मी अंदाजाने दाखवला होता, हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.